जांभळ्या पानाचं धान

सुखरामच्या शेतात एक बांधी अशी होती की तिचं नुसतं नाव निघालं तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा म्हणजे बांधी. अशा त्याच्याकडे बऱ्याच होत्या आणि बाकीच्या सगळ्या गुणाच्या होत्या. ही तलावाच्या पाळीखालची मात्र सगळ्यांत खोलगट, सगळ्यांत काळ्या मातीची आणि सगळ्यांत नालायक. तिच्यात पेरावं धान आणि उगवावं रानधान, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम होता.

रानधान म्हणजे धानाचाच चोरटा भाऊ. पान तेच, उंची तीच, फुटवे तसेच. लोंब बाहेर पडेपर्यंत कोण घरचा आणि कोण रानातला हे भल्याभल्यांना ओळखू येत नाही, आणि ओळखू येतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. कारण त्याचा दाणा विळ्याची वाट पाहत नाही. पिकला की आपला आपण गळून चिखलात जाऊन बसतो आणि पुढच्या मृगात पुन्हा हजर. त्याला कोणी पेरत नाही, खत घालत नाही, फवारत नाही, त्याच्यासाठी कोणी रात्री डुकरं हाकलत नाही. तरी ते टरारून उभं. आणि ज्या धानासाठी सुखराम वर्षभर मरमर मरायचा ते जरा वारा आला की आडवं पडायचं. हा कुठला न्याय, असं तो स्वतःशीच बडबडायचा, आणि त्याचं उत्तर द्यायला कोणी नसल्यामुळे आणखी चिडायचा.

चिडायला त्याला निमित्तं पुष्कळ होती. कौलांवर नाचणारी वानरं, धुऱ्याला भोकं पाडून पाणी सोडून देणारे खेकडे, तुरीच्या शेंगा भरल्या की बरोबर त्याच दिवशी येणारे पोपट. त्यात त्याचा पुण्याच्या कंपनीतला पुतण्या पिंटू रोज सकाळी मोबाईलवर हिरव्यागार शेताचं चित्र पाठवायचा. खाली लिहिलेलं असायचं की निसर्गाच्या सोबतीनं जगणारा माणूसच खरा सुखी. सुखरामला वाटायचं, या पोराला एकदा धरून आणावं आणि भर थंडीत मचाणीवर बसवून डुकरांच्या सोबतीनं जगायला लावावं.

पण इतर सगळ्यांशी त्याचं भांडण होतं ते भांडण्यापुरतं. या बांधीशी मात्र वैर होतं, आणि वैर होतं कारण तिच्यावर जीव होता. एके काळी घरात खायचा तांदूळ याच बांधीचा असायचा. भात शिजला की शेजारच्या घरात वास जायचा. बाप जेवायला बसला की पहिल्या घासाला म्हणायचा, हे पाळीखालचं होय. आता पाळीखालचं म्हटलं की गावातले लोक हसत. मागं एकदा सुखरामनं कोणाचं तरी ऐकून रानधान खायला बदकं आणून सोडली होती. बदकांनी आधी चांगलं धान खाल्लं, मग तलावात पोहायला गेली आणि तिथं कोल्ह्यानं बदकं खाल्ली. तेव्हापासून चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी विचारायचंच, सुखरामभाऊ, औंदा काय पाळून राहिले?

मुलगा तेजराम भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला होता. तो हसायचा नाही, पण त्याचं बोलणं हसण्यापेक्षा जास्त लागायचं. त्याचं म्हणणं सरळ होतं. त्या बांधीतलं पाणी हटत नाही, तर तिथं धान कायले लावता? मशीन लावून खोल खणू, मासोळी टाकू. सुखरामनं दोन उन्हाळे त्याला टोलवलं. तिसऱ्या उन्हाळ्यात घरात चांगलीच जुंपली, आणि शेवटी गिरजाबाईनं, सुखरामच्या बायकोनं, मध्ये पडून तोड काढली. एवढा एक हंगाम बापाचा. दिवाळीनंतर बांधीत धान दिसलं तर बांधी राहील, रानधान दिसलं तर मशीन येईल. सुखरामनं मान डोलावली. तो मुलाला शब्द देऊन मोडणाऱ्यातला नव्हता, आणि तेच त्याला आता डाचत होतं.

त्याच उन्हाळ्यात गिरजाबाईचा भाऊ मंगरू बालाघाटकडून आला आणि येताना एक पोतं बियाणं घेऊन आला. तिकडच्या लोकांनी रानधानावर तोड काढली होती. या धानाचं पान जांभळं निघतं. तांदूळ आपला पांढराच, पण पान लांबूनसुद्धा ओळखू यावं असं जांभळं. बांधीत हेच पेरायचं आणि जे जे हिरवं दिसेल ते ते उपटून फेकायचं, दाणा धरायच्या आधी. दोन हंगाम नेटानं केलं की चिखलातलं रानधान संपतं. इतकी सोपी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं कोणी सांगू नये याचाही सुखरामला राग आला. पण हा राग जरा गोड होता.

गिरजाबाई सोडून त्यानं कोणाला सांगितलं नाही. मंगरूलाही शपथ घातली. बदकांच्या वेळी आधी सांगून बसला होता, म्हणून तर टपरीवर तमाशा झाला होता. या वेळी दिवाळीनंतर सगळ्यांना पाळीवर उभं करायचं, बांधी दाखवायची आणि मग कोण काय म्हणतं ते बघायचं. पाळीखालच्या त्या तुकड्यात पाणी लवकर साचायचं, त्यामुळे तिथं पऱ्हे, म्हणजे आधी वाढवलेली रोपं, लावून रोवणा करायची सोय नव्हती. आवत्या, म्हणजे हातानं फेकूनच पेरावं लागायचं. त्यानं एकट्यानं पेरलं. बांधी गावापासून लांब, पाळीच्या आड, तिथं कोणी फिरकतही नव्हतं.

आणि उगवलं. श्रावणात सुखराम रोज सकाळी जाऊन पाळीवर बसायचा आणि बघत राहायचा. निम्मी बांधी जांभळी, निम्मी हिरवी. जन्मात पहिल्यांदा त्याला शत्रू उघड्या डोळ्यांनी दिसत होता. पाऊस उघडल्याबरोबर त्यानं एका कोपऱ्यापासून हिरवं उपटायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत तो कोपरा नुसता जांभळा दिसायला लागला. त्या रात्री तो कित्येक दिवसांनी नीट जेवला आणि गिरजाबाईला म्हणाला, आठवड्यात सारं साफ करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जावयाचा फोन आला. रेणूला, त्यांच्या मुलीला, दिवस पूर्ण भरायच्या आधीच भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. दोघं मिळेल त्या गाडीनं निघाले. जाताना गुरं आणि कोंबड्या शेजारच्या ललिताबाईवर सोपवल्या. ललिताबाई म्हणजे गावातल्या रोवण्याच्या टोळीची म्होरकी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो गेला तेव्हा तिच्या शेताचं निंदण गिरजाबाईनं गल्लीतल्या बायका जमवून आपणहून करून दिलं होतं, आणि ललिताबाई ते विसरणारी नव्हती. निघताना सुखरामच्या ओठावर आलं होतं की पाळीखालच्या बांधीकडे कोणाला जाऊ देऊ नका. पण मग तिनं काहून म्हणून विचारलं असतं, आणि सगळं सांगावं लागलं असतं. त्यानं ते गिळलं.

दवाखान्यात रेणूचं सिझर झालं. मुलगी झाली, लहानशी, पण खणखणीत आवाजाची. सुखरामला आनंद झाला नाही असं नाही. झालाच. पण व्हरांड्यातल्या बाकावर बसून तो आभाळाकडे बघायचा, आणि तिकडे हिरवं किती वाढलं असेल याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालायचा. गिरजाबाईच्या ते लक्षात आलं. लेक आत पडली आहे आणि तुमाले गवत सुचून राहिलं का, म्हणून तिनं त्याला झापलं. ललिताबाईचे फोन येत होते. बाळ कसं आहे, रेणू जेवते का, असं सगळं विचारून शेवटी ती म्हणायची की शेताची फिकर करू नोका. सुखराम म्हणायचा, बरं. तिच्या आवाजातलं हसू त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

रेणूला घरी सोडायला वेळ होता, म्हणून गिरजाबाई मागं राहिली आणि सुखराम एकटाच आसगावला, आपल्या गावी, एस.टी.तून उतरला. पिशवीत पेढे होते. रिमझिम चालू होती. घरी पिशवी ठेवून तडक बांधीवर जायचं, उजेड असेपर्यंत जेवढं निघेल तेवढं उपटायचं, असं मनाशी ठरवत तो गल्लीत शिरला, तर ललिताबाई, विमलाबाई आणि कलाबाई दारातच उभ्या. लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातापायाला चिखल. नातीचं विचारून झालं, पेढे वाटून झाले. मग ललिताबाई म्हणाली की आधी पाळीवर चला, मंग चहा.

सुखराम त्यांच्या पुढंच निघाला.

पाळीवर चढून त्यानं खाली बघितलं. बांधी हिरवीगार होती. त्यानं साफ केलेला कोपरा तेवढा उघडा पडला होता, बाकी इकडच्या धुऱ्यापासून तिकडच्या धुऱ्यापर्यंत सारखी, स्वच्छ, हिरवीगार. जांभळ्याचं एक पान नव्हतं. ते सगळं धुऱ्यावर ढीग करून ठेवलेलं होतं, मुळांना चिखल तसाच, आणि वरून पाऊस पडत होता.

"औंदा तुमच्या बांधीत नवीनच सोंग आलं होतं, भाऊ," ललिताबाई म्हणाली. "धुऱ्यावरचं गवत कापाले आली तं दिसलं. त्या कोपऱ्यात तं त्यानं सारं धान खाऊन टाकलं होतं, नुसतं जांभळंच उरलं होतं. मंग म्या बाया जमवलो. चार दिस झाले निंदून राहिलो. आजचं तं आत्ताच सरलं. एक काडी ठेवलो नाही."

विमलाबाईनं सांगितलं की असलं तण तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. कलाबाईच्या पायाला जळवा लागल्या होत्या, त्या तिनं हसत दाखवल्या. मजुरीचं नावही कोणी काढलं नाही. तिघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, शाळेतली पोरं पाटी दाखवून बघतात तशा.

सुखरामच्या डोक्यात रक्त चढलं होतं. त्याला ओरडावंसं वाटत होतं. तुमाले विचारलं होतं कोणी? एक फोन करून विचारता येत नव्हतं? इतकी वर्षं धानात हात घालून आहात, अर्धी बांधी एका रंगाची दिसते तर जरा थांबून विचार करावा की नाही? हे सगळं त्याच्या जिभेच्या शेंड्यावर होतं. पण समोर कलाबाईचे रक्ताळलेले पाय होते. आणि गिरजाबाईचं जुनं निंदण होतं, ज्याची ही परतफेड होती. आणि खरं सांगायचं तर, त्यानं स्वतः कोणाला काही सांगितलं नव्हतं हेही होतं, पण ते त्यानं तेव्हा मनात येऊ दिलं नाही. त्यानं राग गिळला. गिळताना त्याला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असंही वाटून गेलं.

"बेस केलं," तो म्हणाला.

ढिगाचं काय करायचं, असं ललिताबाईनं विचारलं. त्यानं ढिगाकडे बघितलंसुद्धा नाही. ढोरांपुढे टाका, म्हणाला. मग घरी येऊन त्यानं तिघींना चहा करून पाजला.

पुढचे दोन-अडीच महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट गेले. बांधी काय वाढली! जमिनीत सगळं खत, वर भरपूर पाणी, मध्ये दुसरं काही नाही. छातीपर्यंत आलं. लांबून जाणारा कोणीही म्हणाला असता की असं धान तालुक्यात नाही. टपरीवरची चेष्टा बंद झाली, कारण ललिताबाईनं सगळीकडे सांगून ठेवलं होतं की पाळीखालची बांधी आम्ही बायांनी साफ केली. लोक आता मानानं विचारायचे की वाण कोणतं. सुखराम तंबाखू मळत दुसरीकडे बघायचा. गिरजाबाई परत आली तेव्हा त्यानं तिला सांगितलं. ती कपाळावर हात मारून बसली, आणि मग म्हणाली की सांगून टाका बायांना. तो म्हणाला, त्याईचं मन कायले दुखवाचं? तिनं परत विचारलं तेव्हा तो तिच्यावरच खेकसला. त्या महिन्यांत तो सगळ्यांवर खेकसला. बैलावर, वानरांवर, एकदा तर पिंटूच्या हिरव्या चित्रालासुद्धा उत्तर म्हणून त्यानं अशी शिवी पाठवली की पुतण्यानं काळजीनं फोन केला. फक्त ललिताबाईशी तो गोड बोलत राहिला. तिनं आणून दिलेली पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी गोड बोलून घ्यायचा आणि ताटात आल्यावर ती त्याच्या घशाखाली उतरायची नाही.

लोंबा आल्या तेव्हा त्यांना लांब, तांबूस कुसं होती. आता ओळखायला काही राहिलं नव्हतं. सकाळी वाऱ्याची झुळूक आली की पाण्यात दाणे पडल्याचा बारीक आवाज यायचा. सुखराम पाळीवर बसून तो ऐकायचा. तलावावरची बदकं संध्याकाळी बांधीत उतरायची आणि पोटभर खाऊन उडायची. ज्यांना पाळलं नव्हतं ती बदकं, ज्याला पेरलं नव्हतं ते धान. त्यांचं सगळं छान चाललं होतं. मध्ये आपलंच काय अडलं होतं इथं, असं त्याला वाटायचं, आणि दगड मारून उडवण्याइतकाही जोर त्याच्यात उरला नव्हता.

दिवाळीला तेजराम आला आणि पाळीवर जाऊन आला. जेवताना फक्त इतकंच म्हणाला की मशीनवाल्याला पुढच्या आठवड्यात बोलावतो. सुखराम म्हणाला, बोलाव. शब्द दिला होता. त्या दिवशीही घरात पाळीखालचा तांदूळ नव्हता.

गावात सगळ्यांची कापणी उरकत आली तरी सुखरामनं पाळीखालच्या बांधीसाठी कोणाला बोलावलं नाही. शेवटी एका सकाळी तो पाळीवर बसला असताना ललिताबाईच विळा घेऊन आली. बायका मोकळ्या आहेत, आज लागायचं का, असं विचारतच ती धुऱ्यावर उतरली. मग बोलता बोलता थांबली. तिनं एक लोंब हातात धरली. ती रिकामी होती. दुसरी धरली. मग खाली वाकून पाण्यात हात घातला आणि मूठभर चिखल वर काढून त्यातले काळपट दाणे बघितले.

"भाऊ, हे तं रानधान होय."

"होय."

"सारंच?"

ललिताबाईनं कोपऱ्याकडे बघितलं, मग धुऱ्याकडे, जिथं श्रावणात ढीग होता. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट येत गेली आणि ते बघणं सुखरामला त्या दिवसापेक्षाही जड गेलं.

"आमी उपटलो ते धान होतं," ती म्हणाली. "तुमी पेरलेलं. आनं तुमाले तवाच मालूम होतं."

"तुमी तिघी पान्यात राबल्या होत्या. कलाबाईच्या पायातून रगत येत होतं. कोन्या तोंडानं बोलू? तुमाले वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," ललिताबाई म्हणाली. "घटकाभर वाटलं असतं. मंग आमी परत खाली उतरलो असतो, हिरवं उपटलो असतो आनं जांभळं रोवून देल्लो असतो. ताजं होतं, भाऊ. मुळाले चिखल होता, वरून पानी होतं. ह्या बांधीतलं उपटून त्या बांधीत लावाचं, जलमभर आमी बाया दुसरं काय केलो?"

सुखराम तिच्याकडे बघत राहिला. साठीला आलेला माणूस, जन्म धानात गेलेला. उपटलेलं धान परत लावता येतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या संध्याकाळी ते त्याला सुचलंच नव्हतं. राग गिळण्यात आणि आपलं मन किती मोठं आहे हे बघण्यात तो इतका गुंतला होता की ढिगाकडे बघायला त्याला सवड झाली नव्हती.

"अडीच महिने मी गावभर सांगत फिरली," ललिताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आमी साफ केलो, आमी साफ केलो म्हनून. तुमी ऐकून घेत होते. माह्या हातची भाजी खात होते."

"मले राग आला होता, ललिताबाई," सुखराम म्हणाला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते निघालं, आणि निघालं ते रडवेलं निघालं. "लय राग आला होता."

"मंग रागवाचं होतं, भाऊ. आमी का परक्या होतो?"

ललिताबाईनं पदर खोचला आणि बांधीत उतरली. मशीन यायच्या आत निदान तणस, म्हणजे पेंढा, तरी गुरांच्या उपयोगी पडेल, असं काहीसं ती म्हणाली, पण ते त्याला उद्देशून नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि रिकाम्या लोंबांचं ते उंच गवत कापायला लागली. सुखरामही विळा घेऊन खाली उतरला. दुपारपर्यंत दोघं कापत होते, ती एका टोकाला आणि तो दुसऱ्या.